फाईल एक, इंजिनं दहा: डेस्कटॉप डेटाबेसवाल्याला बातमी का ठेवावी लागते

सर्व्हरवरच्या डेटाबेसची नवी आवृत्ती कधी चढवायची हे एक माणूस ठरवतो. रात्री काम थांबवून चढवतो, बिघडलं तर मागे फिरवतो, सकाळी बाकीच्यांना पत्ताही नसतो. अ‍ॅक्सेस, फॉक्सप्रो, पॅराडॉक्स या घराण्याची गोष्ट वेगळी. इथे डेटा असतो शेअर केलेल्या फोल्डरमधल्या एका फाईलमध्ये, आणि ती फाईल वाचणारं-लिहिणारं इंजिन असतं प्रत्येकाच्या संगणकात. दहा माणसं कामाला बसली की एकाच फाईलवर दहा इंजिनं चालतात. त्यांतलं एखादं कालच्या अपडेटने बदललेलं असू शकतं, आणि मग कोणीही प्रोग्रामला हात न लावता सकाळी काम अडतं. या धंद्यातली महत्त्वाची बातमी म्हणूनच ‘काय नवं आलं’ ही कधी नव्हती. काय गेलं आणि काय गुपचूप फिरलं, ती खरी बातमी.

सुरुवात डीबेसपासून. वेन रॅटलिफ हे अमेरिकेतल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करत असताना त्यांनी ‘व्हल्कन’ नावाचा प्रोग्राम लिहिला. अ‍ॅश्टन-टेट कंपनीने तो १९८०च्या सुमारास ‘डीबेस टू’ या नावाने विकायला घेतला. डीबेस वन कधी नव्हताच. ‘टू’ म्हटलं की माल मुरलेला वाटतो, एवढंच. मर्यादा कडक होत्या: एका टेबलात ३२ फिल्ड (रकाने) आणि ६५,५३५ रेकॉर्ड (नोंदी). १९८४ मध्ये डीबेस थ्री आलं आणि त्याची डीबीएफ फाईल साऱ्या धंद्याची बोली झाली.

ती फाईल आतून इतकी सरळ आहे की बाइट-बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये उघडून वाचता येते. सुरुवातीला ३२ बाइटचं हेडर, पुढे प्रत्येक फिल्डमागे ३२ बाइट, फिल्डचं नाव जास्तीत जास्त १० अक्षरांचं, मग शेवट दाखवणारी एक खूण आणि त्यानंतर ठरावीक लांबीचे रेकॉर्ड एकापाठोपाठ. प्रत्येक रेकॉर्डचा पहिला बाइट म्हणजे खोडल्याची खूण: जागा मोकळी असेल तर रेकॉर्ड जिवंत, तारा असेल तर खोडलेला. ‘पॅक’ची आज्ञा देऊन फाईल साफ करेपर्यंत तो तिथेच पडून राहतो, म्हणूनच चुकून खोडलेलं परत आणता येतं.

रचना उघड असल्याने फॉक्सबेस, क्लिपर असे प्रतिस्पर्धी उभे राहिले. डेटा सगळ्यांचा एकच, इंडेक्स (रेकॉर्ड चटकन शोधायची सूची) मात्र ज्याचा त्याचा: डीबेस थ्रीचा एनडीएक्स, क्लिपरचा एनटीएक्स, फॉक्सप्रोचा सीडीएक्स. एका प्रोग्रामने रेकॉर्ड घातला आणि दुसऱ्याचा इंडेक्स उघडलेलाच नसेल, तर रेकॉर्ड टेबलात दिसतो पण ‘सीक’ या शोधाच्या आज्ञेला सापडत नाही. उपाय तेव्हा होता तोच आजही आहे. टेबल एकट्याने उघडायचं, आणि नुसतं रीइंडेक्स करत बसण्यापेक्षा इंडेक्स पुसून सूत्रासकट नव्याने बांधायचा. रीइंडेक्स जुन्याच इंडेक्स फाईलचं हेडर वापरतो, आणि हेडरच खराब असेल तर घोळ तसाच राहतो.

बातमीची पहिली मोठी किंमत कळली १९८८ मध्ये. डीबेस फोर बाजारात आलं ते दोषांनी भरलेलं, आणि दुरुस्त १.१ यायला १९९० उजाडलं. मधल्या काळात जाणते लोक जुन्या डीबेस थ्री प्लसवरच थांबले किंवा फॉक्स-क्लिपरकडे गेले. कळायचे मार्ग तेव्हा मोजके होते: छापील मासिकं, वापरकर्त्यांच्या गटांच्या बैठका, मोडेम असेल तर कॉम्प्युसर्व्ह ही ऑनलाइन सेवा, आणि फ्लॉपीवरची ‘रीड मी’ फाईल. मॅन्युअल छापायला गेल्यानंतर सापडलेले दोष याच फाईलमध्ये लिहिलेले असायचे, आणि ती उघडायची राहून जायची. १९९१ मध्ये बोरलँडने अ‍ॅश्टन-टेट विकत घेतली. पॅराडॉक्स त्यांच्याकडे १९८७ पासूनच होतं.

१९९२ने पट बदलला. मायक्रोसॉफ्टने फॉक्स सॉफ्टवेअर विकत घेतली, नोव्हेंबरात अ‍ॅक्सेस १.० आणलं, आणि निरनिराळ्या डेटाबेसशी जोडून देणारं ओडीबीसीही त्याच वर्षीचं. अ‍ॅक्सेसच्या पोटात ‘जेट’ नावाचं इंजिन होतं. पुढे ते विंडोजबरोबरच येऊ लागलं, आणि तिथून दुखणं बदललं. इंजिन आता तुमच्या प्रोग्रामच्या ताब्यात राहिलं नाही. विंडोजचा पॅच, ऑफिसचा सर्व्हिस पॅक किंवा भलत्याच सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर, कोणीही ते बदलू शकत होतं. माहितीचे मार्गही बदलले: एमएसडीएन या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामरांसाठीच्या सेवेच्या सीडी, ‘क्यू’ अक्षराने सुरू होणारे नॉलेज बेसचे लेख, आणि युजनेटवरचे चर्चेचे गट.

सन २००० च्या तारखांच्या गोंधळात हे उघड्यावर पडलं. अ‍ॅक्सेस २.० मध्ये दोन आकडी वर्ष टाकलं की ते १९००च्या शतकातलं धरलं जाई. अ‍ॅक्सेस ९५ आणि ९७ मध्ये तो निर्णय अ‍ॅक्सेस घेतच नव्हतं. तो घेत होती विंडोजची ओलेऑट३२ ही डीएलएल, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती कोडची फाईल. तिची जुनी प्रत चालू शतक धरायची, नवी प्रत ०० ते २९ ला २०००चं शतक आणि ३० ते ९९ ला १९००चं शतक लावायची. म्हणजे एकाच फॉर्मवर एकाच दिवशी ‘०५’ टाकल्यावर एका संगणकावरून १९०५ आणि शेजारच्या संगणकावरून २००५ साठवलं जाई. प्रोग्राम एकच, फाईल एकच. डीएलएलची आवृत्ती पाहायची हे ज्याला ठाऊक नव्हतं तो कोडमध्ये चूक शोधत बसला. डीबीएफमध्ये तारीख मुळातच चार आकडी वर्षासह आठ अक्षरांत साठते, पण ‘सेट सेंच्युरी ऑफ’ (वर्ष दोन आकडी ठेवणारी आज्ञा) असताना टाकलेलं वर्ष १९००चं धरलं जाई. साठवण बरोबर आणि माहिती चूक.

फॉक्सप्रो २.६ ची व्यथा आणखी विचित्र. वेगवान प्रोसेसर आल्यावर विंडोजसाठीचा तो प्रोग्राम सुरू होतानाच ‘शून्याने भागाकार’ म्हणून कोसळायला लागला. संगणकाचा वेग मोजायला आत एक वळसा होता: फेऱ्या मोजायच्या आणि लागलेल्या वेळाने भागायचं. नव्या प्रोसेसरवर लागलेला वेळ शून्य भरू लागला. नवा संगणक घेतला आणि प्रोग्राम बंद पडला, अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला हे पटवणं सोपं नव्हतं.

फाईलचे प्रकार बदलले तेव्हाही काय हरवलं हे पाहावं लागलं. अ‍ॅक्सेस २००० बरोबर जेट ४.० आलं: युनिकोड, २ केबीऐवजी ४ केबीची पानं, १ जीबीऐवजी २ जीबीची कमाल फाईल. ही २ जीबीची भिंत आजही तिथेच आहे. २००७ मध्ये एसीसीडीबी हा फाईलचा नवा प्रकार आला आणि त्यातून वापरकर्तानिहाय सुरक्षा आणि रेप्लिकेशन (फाईलच्या प्रतींचा मेळ घालणं) गेलं. २०१० मध्ये ६४-बिट ऑफिस आलं. ज्यांच्या कोडमध्ये विंडोजच्या फंक्शनची ‘डिक्लेअर’ विधानं होती त्यांना प्रत्येक विधानात ‘पीटीआरसेफ’ घालावं लागलं आणि हँडल-पॉइंटरचा प्रकार ‘लाँगपीटीआर’ करावा लागला. जेट ४.० चा ६४-बिट अवतार कधी निघालाच नाही, म्हणून ६४-बिट प्रोग्रामातून जेटला बोलावणारी जुनी कनेक्शन स्ट्रिंग वापरली की ‘प्रोव्हायडर नोंदवलेला नाही’ हा संदेश येतो. २०१३ ने एडीपी, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरला थेट जोडणारे प्रोजेक्ट, काढून टाकले आणि त्याच आवृत्तीत वेब अ‍ॅप्सची नवी तऱ्हा मिरवली. ऑनलाइन सेवेतली ती अ‍ॅप्स एप्रिल २०१८ मध्ये बंदही झाली. गाजावाजा करून आलेली सोय पाच वर्षांत गेली, आणि कोणी फारसं न वाखाणलेले फॉर्म-रिपोर्ट अजून चालू आहेत.

फॉक्सप्रोच्या बाबतीत निदान जाहीर वाच्यता झाली. ९.० ही शेवटची आवृत्ती, १० येणार नाही, असं मायक्रोसॉफ्टने मार्च २००७ मध्ये सांगितलं. मायक्रोसॉफ्टचा आधार (दुरुस्त्या आणि मदत) जानेवारी २०१५ मध्ये संपला. पण साधनसामग्रीचं काय? फॉक्सप्रोची जोडसाधनं बनवणारा व्हीएफपीएक्स हा समूहप्रकल्प कोडप्लेक्स या मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर होता. डिसेंबर २०१७ मध्ये कोडप्लेक्सच बंद झालं आणि प्रकल्प गिटहबवर न्यावा लागला. मायक्रोसॉफ्टने आपले सार्वजनिक न्यूजग्रुप २०१० पासूनच आवरायला घेतले होते. नॉलेज बेसचे जुने लेख कुठे हलले, कुठे नाहीसे झाले. लिंक साठवून ठेवणारा यात हमखास फसतो. ज्या लेखावर तुमची दुरुस्ती उभी आहे तो लेख, त्यातली आवृत्ती आणि तारीख यांसह प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच जपलेला बरा.

यानंतरचा काळ आपोआप येणाऱ्या अपडेटचा, आणि आतबट्ट्याचे प्रसंग इथेच दाट आहेत. ऑक्टोबर २०१७ च्या विंडोज अपडेटनंतर जेटमधून एक्सेलच्या एक्सएलएस फाईल वाचणं मोडलं. २०१८ मध्ये विंडोज १० ची १८०३ आवृत्ती आल्यावर शेअरवरच्या अ‍ॅक्सेस फाईल ‘विसंगत अवस्थेत’ असल्याचे संदेश येऊ लागले. कारण ‘लीज’मध्ये होतं. विंडोज एखाद्या संगणकाला फाईलचा तुकडा आपल्यापाशी ठेवून त्यावर काम करण्याची मुभा देतं. दुसऱ्याने तीच फाईल मागितली की सर्व्हर पहिल्याला आधी तुझं लिहिलेलं परत कर म्हणतो. ही देवघेव नीट झाली नाही की दुसऱ्या इंजिनाला अर्धवट पान मिळतं. डीबीएफवाल्यांनी ‘ऑपलॉक’ या नावाने हेच दुखणं नव्वदच्या दशकापासून भोगलं होतं. उपाय फाईल ठेवलेल्या संगणकावर करायचा: विंडोजच्या रजिस्ट्रीत लॅनमॅनसर्व्हर या फाईल शेअर करणाऱ्या सेवेच्या पॅरामीटर्समध्ये ‘डिसेबललीजिंग’ नावाचा डीवर्ड (आकडी नोंद) बनवून किंमत १ द्यायची आणि सेवा पुन्हा सुरू करायची. वापरणाऱ्यांच्या संगणकांवर हे करून काही होत नाही, आणि नेमकं तिथेच बरेच जण करतात.

१२ नोव्हेंबर २०१९ चा प्रसंग तर अभ्यासासारखा आहे. सीव्हीई-२०१९-१४०२ या सुरक्षा दोषासाठी ऑफिसच्या २०१० पासूनच्या आवृत्त्यांना पॅच आला, आणि दुसऱ्या दिवशी जगभर त्रुटी ३३४०, ‘क्वेरी करप्ट आहे’. क्वेरी म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, आणि तिला काहीही झालेलं नव्हतं. अपडेट क्वेरी, एकच टेबल आणि ‘व्हेअर’ची अट, हे तिन्ही जुळलं की इंजिन अडायचं. दोन टेबलं जोडलेली असतील किंवा टेबलाऐवजी क्वेरीवर अपडेट चालवलं, तर तेच काम बिनबोभाट व्हायचं. म्हणून तात्पुरती वाट अशी निघाली: टेबलाचं नाव बदलायचं, आणि त्या टेबलातलं सगळं निवडणारी क्वेरी मूळ नावाने बनवायची. कोडमधला एकही शब्द न बदलता बाकी सगळं चालायचं. दुरुस्त्या त्याच महिन्यात येऊ लागल्या, पण सगळ्या आवृत्त्यांपर्यंत पोचायला डिसेंबर लागला. ज्यांना पहिल्या दिवशी बातमी लागली ते पॅच काढून मोकळे झाले. बाकीचे ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ ही फाईलची दुरुस्ती चालवत बसले, आणि निरोगी फाईलवर ते किती वेळा चालवलं तरी फरक पडणार नव्हता.

२०२२ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या फाईलमधले मॅक्रो (फाईलच्या आत लिहिलेले प्रोग्राम) ऑफिसने मुळातून अडवायचं ठरवलं. फेब्रुवारीत जाहीर झालं, जुलैच्या सुरुवातीला थांबवलं, आणि त्याच महिन्यात पुन्हा चालू झालं. मेलने पाठवलेलं फ्रंट एंड (फॉर्म-रिपोर्ट असलेली वेगळी फाईल) उघडतं पण बटणं मुकी, हे लक्षण दिसलं तर फाईलच्या प्रॉपर्टीजमधलं ‘अनब्लॉक’ पाहायचं. कायमचा उपाय म्हणजे फ्रंट एंड प्रत्येकाच्या संगणकावरच्या विश्वासू ठिकाणी ठेवणं.

आता बातमी कशी वाचायची? ऑफिसचा आवृत्ती क्रमांक २४०८ असेल तर तो २०२४ चा आठवा महिना. त्यापुढचा बिल्ड क्रमांक जास्त मोलाचा. ‘अ‍ॅप्लिकेशन.व्हर्जन’ विचारून उपयोग नाही, २०१६ पासून पुढच्या सगळ्या आवृत्त्या १६.० असंच सांगतात. सुरू होताना एमएसअ‍ॅक्सेस.ईएक्सई या फाईलची पूर्ण आवृत्ती आणि ३२ की ६४ बिट हे वापरणाऱ्याच्या नावासह एका टेबलात नोंदवा. ‘फक्त तिघांकडे बिघडलंय’ याचं उत्तर बहुतेक वेळा त्या टेबलातच सापडतं. एक संगणक लवकर अपडेट मिळणाऱ्या चॅनलवर, बाकी सगळे उशिराच्या चॅनलवर ठेवा. मागे फिरायचं असेल तर ऑफिसच्या क्लिक-टू-रन फोल्डरमधल्या ऑफिससीटूआरक्लायंट या प्रोग्रामला जुना बिल्ड क्रमांक द्यायचा आणि अपडेट बंद करायचं. ते चालू राहिलं तर नवं अपडेट परत येऊन बसतं. नव्या सोयींच्या घोषणांतही परतीची वाट आहे का एवढं बघा: टेबलात ‘लार्ज नंबर’ प्रकार वापरला की जुनी अ‍ॅक्सेस ती फाईल उघडत नाही.

बाकी घराण्यांत ही धाकधूक कमी. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये सुरू केलेलं एसक्यूलाइट प्रोग्रामच्या आतच बांधलेलं असतं, त्यामुळे इंजिन बदलतं ते प्रोग्राम बदलल्यावरच. पण नेटवर्कच्या शेअरवर ते ठेवू नका असं त्याचे कर्ते स्वतःच बजावतात. फाईलमेकरने फाईलचा प्रकार २००४ आणि २०१२ असा ठळकपणे बदलला, चोरपावलांनी नाही.

अ‍ॅक्सेस २०१६ आणि २०१९ चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढची तारीख कोणाच्या घोषणेत नाही, कारण ती वर सांगितलेल्या ओलेऑट३२च्या नियमातच आहे: ३० म्हणजे १९३०. तारखेच्या फिल्डमध्ये दोन आकडी वर्ष टाकू देणारे फॉर्म अजून पुष्कळ आहेत, आणि मुदतीच्या किंवा हप्त्यांच्या तारखा २०३० च्या पलीकडे आधीच पोचल्या आहेत. प्रत्येक संगणकावर १-१-३० टाकून, चार आकडी वर्षाच्या फॉरमॅटमध्ये काय साठलं ते बघा. दोन संगणकांची उत्तरं वेगळी आली तर दोष फॉर्मचा नाही.