ब्रूस ली शूटिंगमध्ये गोळी लागून नाही मेला राजेहो

नागपूरच्या बर्डीवर तर्री पोहे खाताना आजही कोणी ना कोणी सांगतेच, की ब्रूस लीला सेटवर दुश्मनानं खरी गोळी घातली. काहीबी! तो २० जुलै १९७३ ला हाँगकाँगमध्ये एका नटीच्या फ्लॅटवर डोकं दुखते म्हणून औषध घेऊन झोपला अन् उठलाच नाही, मेंदूला सूज, वय फक्त ३२. बंदुकीचा किस्सा त्याच्या पोराचा, ब्रँडनचा, १९९३ च्या एका शूटिंगमधला. डमी, म्हणजे नुसत्या दिखाव्याच्या काडतुसाचं टोक नळीत अडकून राहिलं, कोणी पाहिलं नाही, मग त्याच पिस्तुलात ब्लँक, म्हणजे बारूद असलेलं पण गोळी नसलेलं काडतूस भरून चालवलं तर ते टोक सुसाट निघून थेट ब्रँडनच्या पोटात. निव्वळ हलगर्जीपणा. त्यात बापाच्या अर्धवट राहिलेल्या पिक्चरच्या कथेतच हिरोला सेटवर खरी गोळी मारतात, मग लोकांनी सगळं एकातच कालवलं.