खंदक खणणारे हात कोणाचे? कॉन्फेडरेट तटबंदीची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेली दक्षिणेकडची राज्यं, म्हणजे कॉन्फेडरेट, उत्तरेकडच्या अमेरिकी सरकारशी लढत होती. २३ मे १८६१ च्या रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे गुलाम होडीने फोर्ट मन्रो या उत्तरेच्या ताब्यातल्या किल्ल्यावर आले. तोवर ते समोरच्या सेवेल्स पॉइंटवर कॉन्फेडरेट तोफांसाठी मोर्चा (तोफा ठेवायची तटबंद जागा) बांधत होते. मालकाचा माणूस त्यांना मागायला आला. किल्ल्यावरचा जनरल बटलर मूळचा वकील. फुटून निघालेली व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवते, मग पळालेले गुलाम परत करण्याचा अमेरिकेचा कायदा तिच्यासाठी कशाला पाळायचा, असं म्हणत त्याने तिघांना युद्धात जप्त केलेला माल ठरवून ठेवून घेतलं. (माणसांना माल म्हणूनच, पण परत पाठवलं नाही.) ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने (संसदेने) याच धर्तीचा कायदा केला.

दक्षिणेत सुरुवातीला मालक तटबंदीच्या कामाला गुलाम आपणहून द्यायचे, पुढे हात आखडू लागले. ३ ऑक्टोबर १८६२ ला व्हर्जिनियाने सक्तीचा कायदा केला: एका वेळी जास्तीत जास्त १०,००० गुलाम, मुदत ६० दिवस, मालकाला महिना १६ डॉलर, जेवण सरकारचं. हजेरीपटावर गुलामाचं नाव, मालक, दिवस, दर. पैसे मिळाल्याची सही मात्र मालकाची किंवा त्याच्या मुखत्याराची. फेब्रुवारी १८६४ मध्ये कॉन्फेडरेट काँग्रेसने आणखी २०,००० गुलाम घ्यायची मुभा दिली.

काम म्हणजे कुदळ-फावडं. बाहेरच्या अंगाला खंदक खणायचा, तीच माती आत टाकून तट उभा करायचा. नुसती माती पावसात ढासळते, म्हणून आतून ओंडक्यांचा किंवा डहाळ्या विणून केलेल्या, मातीने भरलेल्या टोपल्यांचा आधार द्यायचा. पुढचं रान तोडून झाडं तिथेच आडवी पाडायची, टोकं तासलेल्या फांद्या शत्रूकडे करून.

अपुरं जेवण, ओल आणि छावणीतले आजार यांनी माणसं खंगून परतत, काही परततच नसत. ६० दिवसांची मुदतही पाळली जाईना. मालकांची ओरड याचीच, शिवाय पेरणी-कापणीची. उत्तरेच्या फौजेजवळच्या परगण्यांतून आणखी एक तक्रार येई: मागणीची कुणकुण लागताच गुलाम पळतात. गुलामगिरी टिकवण्यासाठी काढलेल्या सरकारला गुलाम मिळवताना मालकांशीच भांडावं लागत होतं.

व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्ग शहराभोवतीची तटबंदी, डिमॉक रेषा, या कामाचा मोठा नमुना: सुमारे १० मैल, ५५ मोर्चे. खणणारे बहुतांश गुलाम, काही मुक्त कृष्णवर्णीय. रेषा लांबलचक आणि राखायला माणसं थोडी. १५ जून १८६४ ला उत्तरेने पूर्वेकडून हल्ला केला तेव्हा तिथे जेमतेम २,२०० जण होते. संध्याकाळपर्यंत पडलेल्या मोर्च्यांपैकी कित्येक उत्तरेच्या कृष्णवर्णीय पलटणींनी घेतले.