तहानलेली राख

उड्डाणपुलाच्या कामावर बीम आणि कॉलम जिथे मिळतात, तिथला सळयांचा पिंजरा एकदा जवळून बघा. काही ठिकाणी दोन बोटं घालायलाही जागा नसते. तिथे नेहमीचं काँक्रीट ओतलं की गिट्टी वरच अडकते, व्हायब्रेटरची नळी खाली उतरत नाही आणि सेंट्रिंग काढल्यावर मधाच्या पोळ्यासारखी भोकं उघडी पडतात. मग मिस्त्री घमेलंभर माल कालवतो, भोकं लिंपतो आणि कॉलम छान दिसू लागतो. नुसता दिसू लागतो.

जपानमध्ये हेच दुखणं होतं. कसलेले कामगार कमी होत होते आणि त्यांच्या हातावर अवलंबून असलेलं काँक्रीट लवकर खराब होत होतं. 1986 साली टोकियो विद्यापीठातले हाजिमे ओकामुरा यांनी सुचवलं, की ठोकावं-हलवावं लागणारच नाही असं काँक्रीट करू. 1988 मध्ये त्याचा पहिला नमुना तयार झाला. हे काँक्रीट स्वतःच्या वजनाने वाहतं, सळयांमधून वाट काढतं आणि कोपरे भरून आपोआप बसतं.

वाहायलाच हवं ना, मग घाला पाणी! आपल्या साइटवर हा उपाय रोज होतो आणि रोज चुकतो. पाणी वाढलं की गिट्टी तळाला जाते, पाणी वर येतं. कढी फुटावी तसं. काँक्रीट पातळ हवं, पण फुटायला नको. त्यासाठी पाण्याची गरज कमी करणारं रसायन लागतं आणि बारीक पूड भरपूर लागते, एका घनमीटरला साधारण 400 ते 600 किलो. ही सगळी पूड सिमेंटचीच घेतली तर खर्च वाढतो, काँक्रीट आतून तापतं, तडे जातात. शिवाय सिमेंटची भट्टी 1450 अंशांवर चालते आणि चुनखडी भाजताना तिच्यातूनही कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणून यातली थोडी पूड दुसऱ्या कशाची तरी असावी, हा विचार आला.

नागपूरच्या पूर्वेला भंडारा आणि गोंदिया म्हणजे धानाचा पट्टा. एक क्विंटल धान भरडलं की सुमारे 20 किलो तूस निघतं. ते जाळलं की चारेक किलो राख उरते, आणि त्या राखेत बहुतांश सिलिका, म्हणजे रेतीतलंच द्रव्य. धानाचं रोप जमिनीतली विरघळलेली सिलिका पाण्याबरोबर वर ओढतं आणि तुसाच्या सालीत साठवतं. म्हणून तूस जिभेला खरखरीत लागतं आणि सहज कुजत नाही. आजी तुसाच्या राखुंडीने दात घासायची, ते चकचकीत का व्हायचे हे मला सिलिका शिकल्यावर कळलं. झिजायचेही त्यामुळेच, पण ते आजीला सांगायची हिंमत झाली नाही.

समजा, घनमीटरला 450 किलो सिमेंट लागतं आणि त्यातलं 10 टक्के काढून राख घातली. म्हणजे 45 किलो राख, म्हणजे सव्वाअकरा क्विंटल धानाचं तूस. सिमेंटपेक्षा राख हलकी, त्यामुळे तेवढ्याच वजनात ती जास्त जागा भरते आणि गिट्टीला वाहून नेणारा लगदा वाढतो.

ती नुसती जागाही अडवत नाही. सिमेंट पाण्याशी मिसळल्यावर ताकद देणारं द्रव्य तयार होतं, तसा विरलेला चुनाही सुटतो. हा चुना आळशी. ताकदीत फारशी भर घालत नाही, वर झिरपत्या पाण्याने धुऊन जातो. राखेतली सिलिका त्याच्याशी संयोग पावते आणि त्याचंही ताकदीचं द्रव्य करते. बारीक छिद्रं बुजतात, पाणी आत शिरणं अवघड होतं. जुन्या वाड्यांच्या चुन्यात विटांची सुरखी घालत, तिचंही काम हेच.

मात्र कोणतीही राख चालत नाही. पऱ्हाटीच्या राखेत पोटॅश आणि चुनाच जास्त, तिचा इथे उपयोग नाही. तुसाची राखही भट्टीवर ठरते. सुमारे 600 ते 700 अंशांवर नीट जाळली तर सिलिका काचेसारखी विस्कळीत राहते आणि चुन्याशी झटकन जुळते. भट्टी फार तापली की तिचे स्फटिक बनतात. मग ती जवळजवळ रेतीच, आणि तिची धूळ फुप्फुसांना घातक. अर्धवट जळलेल्या काळ्या राखेत कोळसा उरतो आणि तो महागडं रसायन शोषून घेतो. राइस मिलचा बॉयलर वाफेसाठी पेटवतात, राखेसाठी नाही. माझ्या मते या विषयाची खरी अडचण इथेच आहे. भारतीय मानक आयएस 456 तुसाच्या राखेला परवानगी देतं, पण गुणधर्म एकसारखे असावेत ही अट घालून.

शिवाय राखेला तहान फार. सूक्ष्मदर्शकाखाली तिचा कण जाळीदार स्पंजासारखा दिसतो. प्रयोगशाळेत आम्ही पहिल्यांदा ती मिसळली, माल किती पसरतो ते बघायला त्याने भरलेला शंकू उचलला, तर माल पुरणाच्या गोळ्यासारखा मधेच बसून राहिला. पोळी किमान 550 मिलिमीटर पसरायला हवी होती. राख आणखी दळली, रसायन वाढवलं, तेव्हा कुठे धिरड्यासारखी गोल पसरली. मग आम्ही कडेला वाकून पाहिलं: पाण्याची कड सुटली नव्हती, गिट्टी काठापर्यंत पोहोचली होती.

नागपुरात तिला एक चांगली जोडीदारीण आहे. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांतली फ्लाय अॅश, म्हणजे दगडी कोळशाची बारीक राख. तिचे कण गोल, छऱ्यांसारखे. त्यामुळे माल घरंगळतो आणि पाणी कमी लागतं, पण ताकद हळू येते. तुसाची राख उलट स्वभावाची: पाणी पिते, पण लवकर कामाला लागते. नुसत्या तुसाच्या राखेपेक्षा मी दोन्हींचं मिश्रण घेईन.

तरीही मे महिन्यात पारा 45 च्या घरात गेला की मिक्सरपासून सेंट्रिंगपर्यंत पोहोचेस्तोवर माल घट्ट होऊ लागतो. तेव्हा ओतकाम रात्री, गिट्टीवर आधी पाणी, आणि दुसऱ्या दिवसापासून तराई, म्हणजे पाणी मारून काँक्रीट ओलं ठेवणं. राख आणि चुन्याचं काम आठवडेच्या आठवडे चालतं, त्याला ओल लागते. आमच्या साइटवरचा पोरगा दुपारी पाइप सोडून झाडाखाली बसायचा, तेव्हा कॉलमवर गोणपाट गुंडाळून ते भिजवून ठेवायला लागलो.