गुण देणं वेगळं, निवड करणं वेगळं

"नव्या चटणीला सरासरी ७.४ गुण, जुनीला ६, म्हणजे बहुतेकांना नवीच आवडते." चव-चाचणीच्या अहवालात असं वाक्य दिसलं की पुढचं वाचवत नाही. सरासरी जास्त म्हणजे बहुमत तिकडेच, हे गृहीत धरणं चूक आहे.

गुणांची पद्धत सगळ्यांना माहीत असते: चाखा आणि १ ते ९ मधला आकडा लिहा. 'अजिबात आवडलं नाही'पासून 'अतिशय आवडलं'पर्यंतची ही नऊ टप्प्यांची पट्टी दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराने सैनिकांच्या जेवणासाठी बनवली. दुसरी पद्धत जोडीची: दोन नमुने चाखायचे आणि 'कुठला आवडला?' एवढंच सांगायचं. अशा तुलनेतून पसंती मोजण्याचं गणित लुई थर्स्टन यांनी १९२७ मध्ये मांडलं.

घोळ कुठे होतो ते दहा जणांच्या कल्पित उदाहरणावरून बघा. जुनी चटणी झणझणीत, नवी बेताची तिखट. सहा जणांनी जुनीला ८ आणि नवीला ७ दिले. उरलेल्या चौघांना जुनीचा तिखटपणा सोसला नाही. त्यांनी जुनीला ३ आणि नवीला ८ दिले. आता सरासरी काढा: जुनी ६, नवी ७.४. याच दहा जणांना जोडीचा प्रश्न विचारला असता, तर जुनी सहा विरुद्ध चार मतांनी जिंकली असती! दोन्ही निकाल खरे आहेत. जोडीच्या प्रश्नात 'किंचित जास्त आवडली' आणि 'दुसरी तोंडात धरवत नाही' या दोन्हींना एकच मत मिळतं. गुणांमध्ये तो फरक टिकतो, म्हणून चार जणांची नावड सहा जणांच्या किंचित पसंतीवर भारी पडते.

पण गुणांची पट्टी प्रत्येकाची आपापली असते. कुणी ९ कधीच देत नाही. कुणी भिडेखातर ७ च्या खाली उतरत नाही, त्यात चटणी करणाऱ्या ताई समोर उभ्या असतील तर नाहीच. म्हणून सोमवारच्या गटाची सरासरी मंगळवारच्या गटाशी ताडून बघणं मला मुळीच पटत नाही. त्याच माणसाला दोन्ही नमुने द्या आणि त्याच्याच दोन आकड्यांची वजाबाकी करा. त्याचा सढळपणा किंवा कंजूषपणा दोन्हींकडे सारखाच असल्याने बराचसा निघून जातो. त्या वजाबाक्या एकेक करून वाचा. नुसत्या सरासरीत ते चौघे दिसत नाहीत.

जोडीच्या निकालावरून चटणी चांगली आहे, हेही ठरत नाही. दोन्ही वाईट असल्या तरी एक जिंकतेच. आणि १०० पैकी ५५ मतांवर 'लोकांचा कौल' जाहीर करू नका. नेहमीच्या ५ टक्के निकषाने (म्हणजे निव्वळ योगायोगाने असा निकाल लागण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी हवी), कुठली जिंकेल हे आधी धरलेलं नसेल तर, किमान ६१ लागतात.

नमुन्यांवर नावांऐवजी सांकेतिक आकडे टाकायचे आणि निम्म्या लोकांना नमुने उलट्या क्रमाने द्यायचे, हे दोन्ही पद्धतींत सारखंच.

नमुना बाजारात न्यायच्या लायकीचा आहे का, हे ठरवायचं असेल तर गुणच घ्या. दोनपैकी एक निवडायचा असेल, तर त्याच माणसांकडून आधी गुण घ्या आणि शेवटी जोडीचा प्रश्न विचारा. मात्र गुणांचे कागद त्याआधी गोळा करा, नाहीतर निवड सांगून झाल्यावर लोक आपले आकडे खोडून तिच्याशी जुळवतात.