डॅक : महाग घेतला तर घरातला आवाज सुधारतो का?

डॅक म्हणजे डिजिटल-टू-ॲनलॉग कन्व्हर्टर. मोबाईल, सीडी किंवा संगणकातल्या आकड्यांचे बदलत्या विद्युतदाबात रूपांतर करणे, एवढेच त्याचे काम. पुढे ॲम्प्लिफायर तो दाब वाढवतो आणि स्पीकर हवा हलवतो. मोबाईल, टीव्ही, ब्लूटूथ स्पीकर या सगळ्यांत डॅक आतच बसवलेला असतो. वाद आहे तो वेगळ्या विकत घेतलेल्या डॅकचा. तो हजार-दीड हजारापासून काही लाखांपर्यंत मिळतो.

१९८२ साली बाजारात आलेल्या सीडीचे माप सेकंदाला ४४,१०० नमुने (आवाजाची मोजमापे) आणि १६ बिट (प्रत्येक मोजमापाचा बारकावा) असे आहे. माणसाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत (सेकंदाला तितकी कंपने) ऐकू येते. नमुने त्याच्या दुपटीहून जास्त असले की मूळ लहर अखंड परत मिळते. ती पायऱ्यापायऱ्यांची होते हा समज चुकीचा आहे. १६ बिटांत सर्वांत मोठा आवाज आणि तळाची खरखर यांत सुमारे ९६ डेसिबलचे (आवाजाची पातळी मोजायचे एकक) अंतर राहते. आजचे स्वस्त पण नीट बनवलेले डॅकही तिथवर पोचतात, चांगले १२० च्या आसपास जातात.

आता हे अंतर मराठवाड्यातल्या बैठकीत आणून पाहू. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडला पारा चाळिशी ओलांडतो आणि कूलर दिवसभर चालतो. त्या खोलीत ५०-६० डेसिबलचा गोंगाट सहज असतो. त्यावर आणखी ९६ डेसिबल ऐकायचे तर गाणे दीडशेच्या घरात न्यावे लागेल. कान १२०-१३० लाच दुखू लागतात. आकाशवाणीच्या जुन्या टेपवरचे गाणे ऐकताना तर टेपची सरसर कुठल्याही बऱ्या डॅकच्या खरखरीपेक्षा कितीतरी मोठी असते.

तरीही नवा डॅक लावताच फरक जाणवल्याचे अनेक जण सांगतात, आणि ते खोटे बोलत नसतात. बहुतेक वेळा नव्या डॅकचा आवाज किंचित मोठा असतो, आणि मोठा आवाज कानाला चांगला वाटतो. म्हणून तुलना करताना दोन्हींची पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवावी आणि कोणता डॅक चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळू देऊ नये. २००७ साली मेयर आणि मोरन या संशोधकांनी हाय-रेझोल्यूशन, म्हणजे सीडीहून बारीक मापाचा, आवाज आणि तोच सीडीच्या मापातून काढलेला आवाज असे लपवून ऐकवले. ५५४ पैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणेफेकीइतकीच. ही चाचणी डॅकच्या किमतीची नव्हती, पण सीडीच्या मापालाच कान पुरा पडत नाही असे तिच्यातून दिसले.

वेगळा डॅक कामाला येतो तो लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून किरकिर येत असेल तेव्हा. पण लॅपटॉपचा चार्जर लावताच स्पीकर घुमू लागला आणि काढताच थांबला, तर दोष अर्थिंगच्या वाटेत आहे. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी ओतणे हा इथला नेहमीचा उपाय. यूएसबी डॅकमधून विजेची जोडणी कायम राहत असल्याने लाखाचा डॅकही ही घुमघुम पुढे नेऊ शकतो. टीव्हीची ऑप्टिकल केबल नुसता उजेड नेते, म्हणून तिथे ही विजेची जोडणी तुटते.

खोलीचा परिणाम याहून मोठा. खाली शहाबादी फरशी, चारही बाजूंना गुळगुळीत भिंती, वर पत्रे, अशा खोलीत टाळी वाजवली की ती झणझणत राहते, आणि गाण्यातले शब्दही तसेच एकमेकांत मिसळतात. स्पीकरसमोर सतरंजी अंथरली, मागच्या भिंतीवर जाड गोधडी टांगली की शब्द लगेच सुटे होतात. ढोलकीचा जड ठोका मात्र गोधडीला दाद देत नाही. त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून हात-दोन हात पुढे ओढावा लागतो.