जेलसोलिन

जेलसोलिन : पेशीला आकार व हालचाल देणाऱ्या ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू तोडणारे आणि तुटलेल्या टोकाला टोपणासारखे बसून राहणारे प्रथिन. हेलन यिन व टॉमस स्टॉसेल यांनी १९७९ मध्ये सशाच्या फुप्फुसातील महाभक्षी पेशींत ते शोधले. ॲक्टिनच्या घट्ट ‘जेल’चे ते प्रवाही ‘सोल’ करते, म्हणून हे नाव.

रक्तद्रवातही असेच एक प्रथिन सापडले व त्याला काही काळ ‘ब्रेव्हिन’ म्हटले जाई. दोन्ही वेगळी आहेत की एकच, हा प्रश्न १९८६ च्या सुमारास सुटला. माणसात ९ व्या गुणसूत्रावरील एकाच जनुकापासून दोन्ही रूपे तयार होतात. रक्तातील रूपाच्या सुरुवातीला २४ ॲमिनो अम्ले जादा असतात, एवढाच मुख्य फरक. रेणूत सारख्या घडणीचे सहा खंड आहेत. श्लेष्मकवकांतील सेव्हेरिन व फ्रॅगमिन या अशाच प्रथिनांत असे तीनच खंड असल्याने, तीन खंडांच्या पूर्वज जनुकाची द्विरुक्ती होऊन सहा झाले असावेत, हे मत पटणारे आहे.

कॅल्शियम नसताना सहाही खंड एकमेकांना बिलगून मिटलेले असतात. ते मिळताच रेणू उलगडतो, तंतूच्या कडेला चिकटतो आणि तो मधोमध तोडतो. यासाठी एटीपी (पेशीतील ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्ची पडत नाही. पेशीपटलातील फॉस्फोइनोसिटाइड मेदरेणू त्याला तंतूवरून सोडवतात व तंतू पुन्हा वाढू लागतो. पेशींचे सरकणे, बिंबाणूंचा आकारबदल यांना याची गरज असते. रक्तातील जेलसोलिन मृत पेशींतून सांडलेले ॲक्टिन आवरते.

फिनलंडमधील नेत्रतज्ज्ञ योउको मेरेटोया यांनी १९६९ मध्ये वर्णिलेल्या आनुवंशिक अमिलॉइड विकाराचे (यात प्रथिनाचे न विरघळणारे तंतू ऊतकांत साचतात) मूळ याच प्रथिनात आहे. १८७ व्या स्थानी ॲस्पार्टिक अम्लाऐवजी ॲस्पॅराजिन येते. (प्रथिनाला पेशीबाहेरच्या वाटेवर नेऊन नंतर कापल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या तुकड्याची, म्हणजे संकेत-पेप्टाइडाची, २७ ॲमिनो अम्ले धरल्यास हेच स्थान २१४ वे ठरते, जुने व नवे लेखन ताडताना हे ध्यानी ठेवावे.) दुसऱ्या खंडाची कॅल्शियमवरील पकड सुटते आणि गॉल्जी पिंडात (पेशीबाहेर जाणारी प्रथिने ज्यातून जातात त्या पेशीघटकात) फ्युरिन हे विकर त्याला कापते. पुढे आणखी एकदा छेद जाऊन उरलेले तुकडे ऊतकांत साचतात. डोळ्याच्या स्वच्छमंडलात जाळीदार रेषा उमटतात, चेहऱ्याचे स्नायू लुळे पडतात, त्वचा सैल होते. उत्परिवर्तन दोन्ही रूपांत असते, पण गॉल्जीतून फक्त रक्तात जाणारेच रूप जाते. त्यामुळे अमिलॉइड तेवढ्यापासूनच बनते.

स्तन व मूत्राशयाच्या अनेक कर्कार्बुदांत जेलसोलिन घटलेले आढळते.