वाट अडते तांबड्या समुद्रात, भाडे चढते रावेरला

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातली निर्यातीची केळी न्हावा-शेवा बंदरातून मुख्यतः आखाताकडे जाते. दुबईचे जेबेल अली, इराणचे बंदर अब्बास, इराकचे उम्म कस्र ही तिची नेहमीची मुक्कामाची ठिकाणे. या वाटेवर इराणी आखाताच्या तोंडाशी असलेली होर्मुझची सामुद्रधुनी लागते, तांबडा समुद्र लागत नाही. तरीही १९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनच्या हूथी बंडखोरांनी ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतले आणि पुढच्या महिन्यात बड्या शिपिंग कंपन्यांनी बाब-अल-मांदेब, म्हणजे तांबड्या समुद्राचे दक्षिणेकडचे तोंड, टाळून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली, तेव्हा केळीवाल्यांनाही भाड्याची आणि कंटेनरची चौकशी रोज करावी लागली. हे का होते ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. खान्देशाला ही गोष्ट नवीन नाही.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला. मुंबईच्या बाजारात भाव भडकले. त्या काळात खान्देशात, नागपूर-वऱ्हाडाकडे रेल्वे पुढे सरकत होती, आणि बैलगाड्यांनी घाट उतरणारा कापूस हळूहळू रुळांवर आला. युद्ध १८६५ मध्ये संपताच भाव कोसळले, मुंबईतला शेअरचा फुगा फुटला. हजारो कोस दूरच्या बंदराची नाकेबंदी तापीकाठच्या शेतात पीक ठरवते, हे आपल्या भागाने तेव्हाच पाहिले.

त्यावेळी हा माल शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेच्या टोकाच्या केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाई. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला आणि ७ मार्च १८७० रोजी मुंबई ते कोलकाता रेल्वेमार्ग जबलपूरमार्गे जोडला गेला. चार महिन्यांच्या आत या दोन गोष्टी घडल्या. कालव्याचा पहिला फटका शिडाच्या जहाजांना बसला. तांबड्या समुद्रातले वारे त्यांना सोयीचे नव्हते आणि कालव्यातून त्यांना ओढून न्यावे लागे. म्हणून युरोपचा माल वाफेच्या जहाजांकडे गेला. वाट बदलली की जहाजाची जात बदलते, हा अनुभव पुढेही आला. ५ जून १९६७ ते ५ जून १९७५ अशी आठ वर्षे कालवा बंद राहिला. ग्रेट बिटर सरोवरात १४ जहाजे अडकून पडली. तेल आणणारी जहाजे केपमार्गे जायचीच आहेत तर ती मोठी केलेली बरी, असा हिशोब झाला आणि अतिप्रचंड टँकर बांधले गेले.

कंटेनरचा जन्म सुएझच्याच आधीच्या एका गोंधळाच्या आसपासचा. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतले वाहतूक व्यावसायिक माल्कम मॅक्लिन यांनी ‘आयडियल एक्स’ जहाजावर ५८ पेट्या चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. बरोबर तीन महिन्यांनी, २६ जुलैला, इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझचे राष्ट्रीयीकरण केले. भारतात पहिला कंटेनर १९७३ मध्ये कोचीन बंदरात उतरला आणि न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. रावेरच्या पॅकहाऊसमध्ये सील केलेली पेटी उघडल्याशिवाय जेबेल अलीपर्यंत जाऊ लागली ती त्यानंतर.

आता मुख्य मुद्दा. कंटेनर जहाजे बसगाडीसारखी ठरल्या वाराला येतात. एका मार्गाचा जाऊन-येऊन फेरा दहा आठवड्यांचा असेल, तर दर आठवड्याला एक जहाज देण्यासाठी दहा जहाजे लागतात. केपच्या वळशाने फेरा तेरा आठवड्यांचा झाला, की तीच सेवा राखायला तेरा जहाजे हवीत. ही वरची तीन जहाजे नव्याने बांधून येत नाहीत, दुसऱ्या कुठल्या तरी मार्गावरून ओढली जातात. मुंबईहून रॉटरडॅमला केपमार्गे साधारण चार हजार सागरी मैल जास्त पडतात, म्हणजे एका बाजूने दहा ते पंधरा दिवस. भरलेल्या पेट्या तितके दिवस पाण्यावरच राहतात, रिकाम्या पेट्या परत येत नाहीत. जहाज उशिरा आले की फेरी रद्द होते आणि तिचा माल पुढच्या जहाजावर ढकलला जातो. म्हणून तांबड्या समुद्रात न जाणाऱ्या पेटीचेही भाडे चढते. जहाजे आणि पेट्या यांची सगळ्या मार्गांना मिळून एकच शिल्लक आहे. कोविडनंतरच्या सप्टेंबर २०२१ मध्ये ड्र्यूरी या सल्लागार संस्थेच्या कंटेनर भाड्याच्या जागतिक निर्देशांकात चाळीस फुटी पेटीचे भाडे दहा हजार डॉलरच्या वर गेले होते. २०२३ च्या अखेरीस ते दीड हजारांच्या आसपास उतरले होते आणि जुलै २०२४ मध्ये पुन्हा साडेपाच हजारांपलीकडे पोहोचले.

डाळीची पेटी दोन आठवडे उशिरा पोहोचली, तर जळगावच्या दालमिलवाल्याचे पैसे अडकतात, पण डाळ खराब होत नाही. केळीचे तसे नाही. चाळीस फुटी रीफरमध्ये, म्हणजे शीतपेटीत, १३ किलोची सुमारे दीड हजार खोकी, म्हणजे वीस टन केळी बसते. आत १३ ते १४ अंश तापमान लागते. त्याखाली गेले तर साल काळवंडते आणि पिकवणीत रंग येत नाही, वर गेले तर केळी वाटेतच पिकायला लागते. एका घडाने इथिलीन हा पिकवणारा वायू सोडला की शेजारच्या खोक्यांतली केळीही पिकायला लागते. म्हणून प्री-कूलिंग (भरण्याआधी माल थंड करणे), ट्रेलरवरचा जनसेट (वीज जनित्र) आणि बंदराच्या यार्डातले विजेचे प्लग यांत कुठेच खंड पडून चालत नाही. जहाजावर प्लग मोजकेच असतात. साध्या पेट्यांची जागा निघाली तरी रीफरची निघेलच असे नाही. शिवाय आपल्याकडे भरलेले रीफर आयातीत कमी येतात, रिकामे आणावे लागतात. जहाजे उशिरा धावू लागली की पहिली तंगी रीफरची होते.

तांबड्या समुद्राच्या आतला ग्राहक, म्हणजे सौदीचे जेद्दाह, याला तर थेट झळ बसली. तिकडचा माल आखाताच्या बाजूच्या दम्मामला किंवा जेबेल अलीला उतरवून रस्त्याने नेण्याचा मार्ग उरतो, आणि त्यात ट्रकचे भाडे व हाताळणी वाढते. युरोपचे दार तर उघडता उघडता अडले. बारामतीहून नेदरलँड्सला समुद्रमार्गे केळीचा पहिला प्रायोगिक कंटेनर निघाला तोही नोव्हेंबर २०२३ मध्येच. होर्मुझची धास्ती वेगळी. सर्वांत अरुंद जागी तिची रुंदी सुमारे ३३ किलोमीटर आहे आणि तिला पर्यायी जलमार्ग नाही. जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराण बारा दिवस लढले, तेव्हा ती बंद पडली नाही, पण युद्धजोखमीचा विमा महागला. सोहार, खोर फक्कान आणि फुजैराह ही बंदरे सामुद्रधुनीच्या बाहेर आहेत, म्हणून अशा वेळी सगळे तिकडे वळतात आणि तिथली गर्दी वाढते.

या सगळ्याचा शेवटचा ताण शेतात येतो. निर्यातीचा घड ७५ ते ८० टक्के भरला की कापतात, स्थानिक बाजारासाठी तो अजून थांबू शकतो. जहाज आठवडाभर पुढे गेले तर मृगबागेतला कापणीला आलेला घड झाडावरच पुढे सरकतो. मग तो निर्यातीतून उतरून बोर्डाच्या, म्हणजे स्थानिक बाजारात जाहीर होणाऱ्या, भावाने जातो. म्हणून कापणीचा दिवस जहाजाच्या जाहीर तारखेवर न धरता त्या जहाजासाठी पेट्या घेणारे बंदराचे गेट बंद होण्याच्या वेळेवर धरावा. जहाजाचे भाडे आपण भरणार असू तर बुकिंगमध्ये युद्धजोखीम अधिभार वेगळा लिहून घ्यावा. आणि उशिराने लागणारे यार्डाचे वीजभाडे कोण भरणार, हे पेटी भरण्याआधी ग्राहकाशी ठरवावे.